आधी झिरो दाखवा

फैजपूरच्या दाताच्या डॉक्टरांनी आरसा आत घातला
आणि म्हणाले, इंदुताई, दाढा झिजल्यात.
झोपेत दात खाता तुम्ही.

मी काट्यावर बसते. सावद्याच्या बाहेर, रावेर रोडला,
सतरा वर्षं.
केळीचे ट्रक येतात. रिकामा मोजते, भरलेला मोजते,
वजा करते, पावती फाडते.
चाळीस किलोंवरून व्यापारी ओरडतो,
त्याच चाळीस किलोंवरून ड्रायव्हर ओरडतो,
काचेच्या आत मी.
कुणावर दात-ओठ खाल्ले नाहीत कधी.
ते कुठे जमा होत होते, आता कळलं.

रात्री दातांवर घालायचं कव्हर साडेसहा हजारांचं.
नाहीतर, डॉक्टर म्हणाले,
सकाळी दहा मिनिटं नुसतं बसून बघा.
डोळे मिटा, श्वास मोजा,
एक ते दहा, मग पुन्हा एकपासून.
फुकट आहे.

फुकटचं म्हणून बसले.
घरी जमेना, घरी कुकर दिसतो.
म्हणून पहाटे पाचला, काट्याच्या केबिनमध्येच.
वैशाखात पत्रा रात्रीसुद्धा निवत नाही,
पाठीला उन्हाचं कालचं उरलेलं.
एक. दोन. तीन.
चारला नारखेडे शेठची उधारी.
पुन्हा एक. दोन.
दोनलाच मंगळवारची ती पावती,
जिच्यावर मी बहुतेक एक शून्य जास्त लिहिलं.
तिसऱ्या दिवशी चौदापर्यंत गेले,
तेव्हा लक्षात आलं,
मोजणारी बाई मोजतच बसली होती,
श्वास केव्हाच निघून गेला होता.

पाचव्या दिवशी खिडकीवर टकटक.
ताई, झोपी गयी का वं?
नाही रे बाबा, ध्यान करतेय.
तो हसला नाही.
म्हणाला, करा, मी टायर बघतो तोवर.
आणि खरंच टायर बघत उभा राहिला, एकेक, दहाही.

मग तो शनिवार.
डोळे उघडले तर समोरच्या डब्यात लाल आकडा: ५५.
काट्यावर गाडी नाही.
वारा असला की तो दहा दाखवतो, वीस दाखवतो,
पुन्हा शून्याला येतो.
हा हलत नव्हता.

बाहेर येऊन पाहिलं.
प्लेटच्या मधोमध सुरमीबाई बारेला,
केळी कापायला येते, सातपुड्याकडची,
विळा शेजारी, पाय पसरून.
ती काही ध्यानाला बसली नव्हती.
तिचा टेम्पो चुकला होता
आणि केळीच्या चिकानं काळी झालेली साडी
ती नखानं खरवडत होती.
उठ म्हणणार होते. कुणी गाडी घातली असती तर?
पण लोखंड अजून गार होतं,
सगळ्या आवारात तेवढंच.

बसले शेजारी.
तिनं मिश्रीची डबी पुढे केली. मी दाढ दाखवली.
तिनंही तोंड उघडून तिची दाखवली,
दोन नव्हत्याच.
मग बोलायला काही उरलं नाही.
पलीकडच्या बागेत ठिबकच्या नळीतून
पाणी निघायच्या आधी हवा निघते, तसं
सूं, थोडं थांबून, सूं.
किती वेळ, सांगता येणार नाही.
आत रिकाम्या केबिनमध्ये
आम्हा दोघींचा मिळून काय आकडा पडला असेल
तो वाचायला कुणी नव्हतं.

कानपूरच्या गाडीनं हॉर्न दिला.
गुडघे धरून उठलो.
टेम्पो आला नव्हताच, सुरमीबाई चालत निघाली,
टेम्पोवाल्याला शिव्या देत.

दाढ अजून ठणकते. कव्हरसाठी पैसे बाजूला टाकतेय,
उगाच खोटं कशाला सांगू.
दहापर्यंत दोनदाच पोचलेय, महिन्यात.

ड्रायव्हर खिडकीशी आला, म्हणाला,
गाडी चढवतो, पण आधी झिरो दाखवा.
सगळेच म्हणतात. रोज म्हणतात.
मी डब्याकडे बघितलं:
वजा दहा.
शून्य.
वजा दहा.
थांब जरा, म्हटलं,
येतोय.